बिनजाळाची चूल



दरवर्षी वर्धापनदिनाला आपण बाहेरून कोणातरी व्याख्यात्या बाईंना बोलावतो. यंदा कार्यकारिणीने ठरविले, की निदान एक भाषण तरी सभासदांपैकीच कोणीतरी करावे, आणि ते पुस्तकातले नको, घरातले असावे. माझे नाव पुढे आले तेव्हा मी पुष्कळ आढेवेढे घेतले. माझी शाळा सातवीत सुटली. आईचे दुखणे निघाले, पाठची भावंडे लहान, तेव्हा दप्तर फळीवर गेले ते कायमचे. परंतु चिटणीसबाई म्हणाल्या, "अहो, तुमच्या घरी जे झाले ते सांगा. तेवढे पुरे आहे." म्हणून उभी राहिले आहे. बोलताना चुकले तर सांभाळून घ्या.

विषय आहे मायक्रोवेव्ह ओव्हन घरात जपून कसा वापरावा हा. मागच्या रांगेत कोणी हसले वाटते. हसा हो, मीही हसले असते. यात शिकायचे ते काय? दार उघडायचे, बशी ठेवायची, दार लावायचे, बटण दाबायचे. लहान पोरसुद्धा करील. मलाही तसेच वाटत होते, आणि त्या वाटण्याची किंमत माझ्या सासूबाईंनी मोजली.

आमच्याकडे हा ओव्हन २०१८ सालच्या दिवाळीच्या पाडव्याला आला. ह्यांना बोनस मिळाला होता आणि मुलीचा केक करण्याचा हट्ट होता. दुकानाचा माणूस आला, दहा मिनिटांत काय काय बटणे दाबून दाखविली आणि चहा घेऊन गेला. पेटीबरोबर एक जाड पुस्तक होते. त्यात पुढे सगळे इंग्रजी, मागे थोडे हिंदी, तेही मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत. ते मी नीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजवर ठेवून दिले. मुलगी भराभर शिकली, तिच्याकडून मी चार गोष्टी शिकले. आणि आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, मी त्यांना आत्याबाईच म्हणते, त्यांना आम्ही सगळ्यांनी मिळून एकच गोष्ट शिकविली : "तुम्ही त्याला हात लावू नका." हे आम्ही त्यांच्या काळजीने म्हणतो असे मी स्वतःला सांगत असे. खरे म्हणजे बसून समजावून सांगण्याचा कंटाळा होता.

पुढच्या जानेवारीत, संक्रांत झाल्यावर, मी दुपारी हळदीकुंकवाला बाहेर पडले. घरात आत्याबाई एकट्या. त्यांना जेवणानंतर कोमट पाण्यातून सुंठीची पूड घ्यायची सवय. त्या दिवशी नेमका गॅस संपला आणि दुसरा सिलिंडर यायचा होता. मला हाक मारायची तर मी घरात नाही. मग त्यांनी आम्ही करतो तसे केले. काचेच्या गुळगुळीत पेल्यात पाणी घेतले, ओव्हनमध्ये ठेवले, बटण दाबले. पेटी थांबल्यावर दार उघडून पाहिले, तर पाणी शांत. बुडबुडा नाही, की खदखद नाही. सत्तर वर्षे चुलीपुढे आणि गॅसपुढे काढलेली बाई, तिने डोळ्यांनी पाहिले आणि ठरविले की पाणी तापले नाही. पुन्हा ठेवले. पुन्हा पाहिले, पुन्हा शांत. तेव्हा फडक्याने पेला बाहेर काढला आणि चमचाभर सुंठ टाकली. टाकल्याबरोबर सगळे पाणी एकदम फुटून वर उसळले. उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत, हनुवटी आणि गळा भाजला. चष्मा होता म्हणून डोळे वाचले.

मी आले तेव्हा त्या स्वयंपाकघरात खाली बसल्या होत्या आणि हाताला तूप-हळद थापली होती. बांगड्या सुजलेल्या मनगटात रुतल्या होत्या. डॉक्टरांकडे त्या कापाव्या लागल्या. हात बरा व्हायला तीन आठवडे गेले. पण भगिनींनो, मला आज सांगायचे आहे ते त्याच्या पुढचे. आत्याबाई पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "अगं, ते पाणी उकळलेलंच नव्हतं." आणि आमच्यापैकी एकानेही त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. हे म्हणाले, आईचे आता वय झाले, लक्ष राहात नाही. मी म्हणाले, उकळत्या पाण्यात पूड टाकली असेल, वर तोंड धरले असेल. मुलगी म्हणाली, न उकळता पाणी उडेल कसे? आत्याबाई शेवटी बोलायच्या बंद झाल्या. चार महिने त्या स्वतःच्या स्वयंपाकघरात पाहुण्यासारख्या वावरत होत्या. गॅससुद्धा पेटवायला मला हाक मारीत.

मे महिन्यात माझ्या नणंदेची मुलगी सुट्टीला आली. ती शास्त्र शाखेला आहे. तिने ही हकीकत ऐकली आणि पटकन म्हणाली, "आजीचं बरोबर आहे. तसंच होतं." मग तिने फ्रिजवरची ती पिशवी काढली आणि दोन दुपारी आम्हां तिघींना, म्हणजे मला, मुलीला आणि आत्याबाईंना बसवून ते पुस्तक मराठीत सांगितले. आज मी बोलणार आहे ते बहुतेक तिच्या तोंडून ऐकलेले, आणि त्यानंतर पाच-सहा वर्षे वापरून पाहिलेले आहे.

आधी ही चूल तापते कशी ते पाहू, म्हणजे पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत. पेटीच्या आत एक नळी असते, तिला मॅग्नेट्रॉन म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात विमाने टिपण्याचे रडार चालत असे ते अशाच नळ्यांवर. अमेरिकेत पर्सी स्पेन्सर नावाचा गृहस्थ त्यांच्यावर काम करीत असे. १९४५ च्या सुमारास चालू नळीजवळ उभा असताना त्याच्या खिशातली चॉकलेटची वडी वितळली म्हणतात, आणि त्यावरून त्याला ही कल्पना सुचली. मग त्याने मक्याचे दाणे ठेवून लाह्या फोडल्या. १९४७ मध्ये विकायला आलेला पहिला ओव्हन माणसाएवढा उंच आणि सुमारे ३४० किलो वजनाचा होता. आणि एक गोष्ट मला फार आवडली. हा स्पेन्सरही लहानपणीच शाळा सोडून गिरणीत कामाला लागलेला होता. तेव्हा सातवीवालीने मायक्रोवेव्हवर बोलावे यात काही अगदीच विपरीत नाही.

तर ही नळी रेडिओच्या लहरींच्या जातीच्या लहरी सोडते. त्या लहरींची दिशा सेकंदाला सुमारे २४५ कोटी वेळा उलटसुलट होते. अन्नातले पाणी त्या ओढाताणीत हलते आणि त्या घुसळणीने अन्न तापते. म्हणजे गॅसवर आधी भांडे तापते आणि मग अन्न, इथे आधी अन्न तापते आणि भांडे त्याच्यामुळे. जाळ नाही, लाल झालेली तार नाही, वाससुद्धा उशिरा येतो. आपली सगळी स्वयंपाकाची अक्कल डोळ्यांत, कानांत आणि नाकात असते. पातेल्याची खदखद ऐकून आपण दुसऱ्या खोलीतून सांगतो की भात उकळला. या चुलीपुढे ती अक्कल फसते. आत्याबाई फसल्या त्या म्हातारपणाने नव्हे, अनुभवाने फसल्या.

त्यांच्या पेल्यात झाले ते असे. गॅसवर पातेल्याचा तळ सर्वांत गरम असतो, त्याच्या खरखरीत अंगावर बुडबुडे धरतात आणि पाणी १०० अंशांना उकळू लागते. गुळगुळीत काचेच्या पेल्यात बुडबुड्याला धरायला जागा मिळत नाही. पाणी १०० अंशांच्या वर जाते, तरी उकळत नाही. एकदा तापवून पुन्हा तापविले तर आणखी वाईट, कारण पाण्यात विरघळलेली हवा पहिल्या वेळी निघून गेलेली असते. असे पाणी दबा धरून बसलेले असते. पेला हलला, चमचा बुडाला, पूड पडली, की सगळी वाफ एकदम सुटते. म्हणून पाणी तापवायचे तर ते लागेल तेवढेच तापवा, कपभर पाण्याला दीड-दोन मिनिटे पुष्कळ होतात. ठेवतानाच त्यात लाकडी चमचा किंवा आइस्क्रीमची स्वच्छ काडी उभी ठेवा, बुडबुड्यांना ती आधार देते. पेटी थांबल्यावर अर्धे-एक मिनिट तशीच राहू द्या. कॉफीची पूड, साखर, सुंठ लगेच टाकू नका, आणि टाकताना तोंड पेल्यावर नको. शांत दिसले म्हणून दुसऱ्यांदा तापवू नका. आमच्या घरी आता पिण्याचे साधे गरम पाणी गॅसवरच होते. सगळे काम एकाच यंत्राने केलेच पाहिजे असे कोठे आहे?

आणि भाजलेच, तर पहिली गोष्ट बांगड्या, अंगठी, घड्याळ काढा, सूज येण्याच्या आत. मग नळाच्या साध्या गार वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरा. वीस मिनिटे फार वाटतात, पण घड्याळ लावून धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, तूप-हळद नको. तोंड, डोळे भाजले असतील किंवा मोठा फोड आला असेल तर डॉक्टर. त्या दिवशी आत्याबाईंच्या हातावर मी आल्यानंतरसुद्धा पाणी ओतले नाही. उलट हळद आणखी लावली. ते मला अजून डाचते.

आता भांड्यांकडे वळते. आपले घर स्टीलचे. डबे स्टीलचे, वाट्या स्टीलच्या, तेव्हा पहिला हात तिकडेच जातो. या लहरी धातूतून आत जात नाहीत, आदळून परत फिरतात. त्यामुळे स्टीलच्या डब्यातले अन्न नीट तापत नाही, आणि धातूची कड किंवा टोक असेल तेथे ठिणग्या उडू शकतात. काट्याची टोके आणि चुरगळलेला चांदीचा कागद यांत सर्वांत वाईट. हॉटेलातून येणारे ॲल्युमिनियमचे पातळ डबे, सोनेरी काठाचा कपबशीचा सेट, पिना मारलेले कागद, हे सगळे यात आले. माझ्या माहेरच्या सोनेरी नक्षीच्या बश्यांतली एक मी अशीच घालविली. तडतड झाली आणि काठाचे सोने काळे पडले. बशी गेली त्याचे नाही एवढे, पण ती आईने दिलेली होती.

परंतु इथेच आपल्याकडचा मोठा घोटाळा आहे. आपल्याकडच्या पुष्कळ ओव्हनमध्ये एकाच पेटीत दोन-तीन चुली असतात. एक लहरींची. दुसरी कन्व्हेक्शन, म्हणजे आतली तार तापून पंख्याने गरम हवा फिरविणारी, केकची. तिसरी ग्रिल, वरून भाजणारी. केकच्या चुलीला धातूचे भांडे चालते आणि प्लास्टिक वितळते. लहरींच्या चुलीला प्लास्टिकचे योग्य भांडे चालते आणि धातू चालत नाही. सकाळी मुलगी केक करून जाते, बटण तिकडेच राहते, दुपारी आपण प्लास्टिकच्या डब्यात भाजी ठेवतो. पेटी तीच, दार तेच, तबकडी तीच. म्हणून आमच्याकडे मी पेटीच्या बाजूला पांढरी पट्टी लावून मराठीत लिहिले आहे, कोणत्या बटणाला कोणते भांडे. ओव्हनबरोबर आलेले लोखंडी जाळीचे स्टँड केकचे आणि ग्रिलचे आहे, ते अन्न गरम करताना आत राहिलेले नसावे. प्रत्येक वेळी बटण दाबण्यापूर्वी आत डोकावून पाहायचे ही सवय लावून घ्या.

प्लास्टिकच्या डब्यांच्या तळाशी त्रिकोण असतो आणि त्यात आकडा. ५ असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन, ते उष्णता बरीच सोसते. पण नुसत्या आकड्यावर विसंबू नका. मायक्रोवेव्हला चालेल असे लिहिलेले किंवा नागमोडी रेषांची खूण असलेलेच घ्या. श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे, लोण्याचे रिकामे डबे आपण धुऊन ठेवतो, ते थंड वस्तूंसाठी केलेले असतात. त्यांत पीठ-मीठ ठेवा, ओव्हनमध्ये नको. आणि लग्नात आहेर म्हणून येणारे ते न फुटणारे, चिनीमातीसारखे दिसणारे मेलामाइनचे सेट! माझ्याकडे दोन आहेत, तुमच्याकडेही असतील. ते वाढायला उत्तम, पण ओव्हनमध्ये ठेवू नयेत. ते स्वतःच तापतात, तडकतात आणि अन्नात नको ते उतरते. तूपट, गोड पदार्थ प्लास्टिकपेक्षा काचेच्या भांड्यातच गरम करावेत, कारण तूप आणि साखर पाण्याहून जास्त तापतात.

काचेच्या किंवा चिनीमातीच्या भांड्याबद्दल शंका असेल तर एक सोपी परीक्षा आहे. ते रिकामे भांडे आत ठेवा आणि शेजारी कपभर पाणी. एक मिनिट चालू करा. पाणी कोमट आणि भांडे गार, तर भांडे चालेल. भांडे गरम झाले तर परत कपाटात. ही परीक्षा धातूच्या किंवा सोनेरी काठाच्या भांड्यावर मात्र करू नका. म्हणूनच मी गेल्या आठवड्यात निरोप दिला होता, की प्रत्येकीने घरातले एखादे शंकेचे भांडे बरोबर आणावे. ओव्हन मी रिक्षातून आणला आहे, तो तिकडे टेबलावर आहे.

झाकणाबद्दल दोन शब्द. घट्ट झाकण लावून काहीही तापवू नये, वाफ कोंडली की झाकण उडते. झाकण तिरपे ठेवा किंवा वर बशी पालथी घाला. काढताना आपल्यापासून दूरची कड आधी उचला, म्हणजे वाफ तोंडावर येत नाही. ज्याला साल किंवा कवच आहे तोही एक बंद डबाच समजा. बटाटा, वांगे, टोमॅटो यांना काट्याने टोचे मारून मग ठेवावेत. अंडे कवचासकट कधीच नाही. आणि ही गोष्ट मला ठाऊक नव्हती, सोललेले उकडलेले अंडेसुद्धा गरम करताना फुटते, कधी कधी तर बाहेर काढल्यावर, दात लावताना. अंडाकरी गरम करायची असेल तर अंडी चिरून अर्धी करा.

कोरड्या वस्तूंचे भय वेगळे. पापड भाजणे हे आपल्याकडचे ओव्हनचे आवडते काम. एक पापड, तेलाचा हलका हात, चाळीस सेकंदांपासून सुरुवात, आणि आपण समोर उभे. पापडात पाणी थोडे असते, ते संपले की तो आतून जळू लागतो. शेंगदाणे, सुके खोबरे यांचेही तसेच. वरून गोरे दिसतात आणि फोडले की आत कोळसा. दर अर्ध्या मिनिटाने काढून हलवावे लागतात. सुक्या मिरच्यांचे नाव काढू नका, घर खोकत बाहेर पडेल. फोडणी आणि तळण या पेटीत करायचेच नाही, तेल उकळून सूचना देत नाही, तापतच जाते. आणि गुडघ्याच्या शेकासाठी फडक्यात मीठ, ओवा किंवा हळकुंडे बांधून आत ठेवतात, ते फडके पेटते. शेकाची पुरचुंडी तव्यावरच बरी.

आत पेट घेतलाच तर दार उघडायचे नाही. घाबरून आपण आधी तेच करतो. उघडले की हवा मिळते आणि जाळ बाहेर येतो. भिंतीवरचा खटका बंद करा, दार बंदच ठेवा, आग आपोआप गुदमरते.

अन्न वरून गरम आणि मध्ये गार, हा अनुभव सर्वांना आहे. लहरी अन्नात इंच-दीड इंचच शिरतात, मधला भाग शेजारच्या उष्णतेने तापतो. म्हणून भाजी उंच वाटीत रचू नका, पसरट भांड्यात कडेला जास्त आणि मध्ये कमी अशी ठेवा. अर्ध्यावर काढून ढवळा. झाल्यावर मिनिटभर थांबा. हे केवळ चवीसाठी नाही. अर्धवट तापलेल्या उरलेल्या अन्नात जंतू जगतात, विशेषतः मटण, चिकन, वरण यांत. सगळीकडून वाफ आली पाहिजे. रात्रीच्या भाताची मात्र वेगळी कथा आहे. भातात एक जंतू असतो, त्याची बीजे शिजविल्यानेही मरत नाहीत, आणि भात तासन्‌तास ओट्यावर राहिला की तो विष तयार करतो. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. तेव्हा उरलेला भात पसरून निववावा आणि दोन तासांच्या आत, उन्हाळ्यात तर तासाभरातच, फ्रिजमध्ये जावा. सकाळपर्यंत बाहेर राहिलेल्या भाताला ओव्हन शुद्ध करू शकत नाही. मला ठाऊक आहे, टाकवत नाही. माझ्याही जिवावर येते. त्यावर उपाय एकच, मोजून लावावा.

तान्ह्या बाळाची दुधाची बाटली यात गरम करू नये. बाटली हाताला कोमट लागते आणि आतल्या दुधात एखादा झोत तोंड पोळण्याइतका कढत असतो. बाटली गरम पाण्याच्या भांड्यात उभी करावी आणि मनगटावर थेंब टाकून पाहावा, आपल्या आज्या वाटी ज्या रीतीने कोमट करीत त्याच रीतीने.

भिशीच्या वेळी एक भगिनी म्हणाल्या, की या अन्नात किरण राहतात आणि रोग होतात. तसे नाही. बटण बंद झाले की दिवा मालवल्यासारख्या लहरी संपतात, अन्नात काही शिल्लक राहात नाही. दाराच्या काचेत बारीक भोकांची जाळी दिसते, तिच्या भोकांपेक्षा ही लहर कितीतरी मोठी, सुमारे पाच इंचांची, म्हणून ती बाहेर पडत नाही. पण दार वाकले असेल, बिजागरी ढिली असेल, काच तडकली असेल किंवा कडेला मळ साचून दार नीट मिटत नसेल, तर ओव्हन वापरू नका. दाराला लोंबकळून उभी राहणारी मुले असतील तर त्यांना आवरा. कोणाला हृदयाजवळ यंत्र बसविलेले असेल त्यांनी आपल्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावे.

मला खरे भय वाटते ते दुरुस्तीचे. आपल्या घरचे पुरुष पंखा खोलतात, मिक्सर खोलतात, त्यांना वाटते हेही तसेच. आत दोन हजार व्होल्टच्या वर दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तो एका डबीत साठून राहतो. ह्यांनी एकदा पेचकस हातात घेतला होता. मी सरळ पेटीवर हात ठेवून उभी राहिले. जाणकार मेकॅनिकखेरीज कोणी खोलू नये. हा ओव्हन जाड पिनांच्या, १६ अँपियरच्या प्लगलाच लावायचा, त्याला अर्थिंग हवे, आणि लांब वायरीच्या बोर्डावर फ्रिज, मिक्सर आणि हा असे तिघे बसवायचे नाहीत.

ठेवण्याची जागाही पाहा. मागे आणि वर चार बोटांहून जास्त मोकळी जागा हवी, त्याला श्वास लागतो. आपण हौसेने भरतकामाचे आच्छादन घालतो, ते चालू करताना काढावे. वर वर्तमानपत्रांची थप्पी नको. खांद्याच्या वर तर ओव्हन ठेवूच नये, कढत आमटी उतरवताना ती गळ्यावर येते. साफसफाईला खरवडणारी काथ्या किंवा सुरी नको. वाटीभर पाण्यात लिंबाच्या फोडी आणि लाकडी चमचा घालून तीन मिनिटे चालवा, पाच मिनिटे थांबा, प्लग काढा आणि ओल्या फडक्याने पुसा. आतून सगळे सुटून येते.

आता आत्याबाईंचे सांगून मी माझी जागा घेते. भाचीने पुस्तक सांगितले त्या दिवशी संध्याकाळी हे कामावरून आले आणि आईजवळ बसून म्हणाले, "आई, तुझं खरं होतं." आत्याबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला ओव्हनपुढे बोलावले आणि म्हणाल्या, "आता मला नीट दाखव. सगळं दाखव." मी दाखविले. पांढऱ्या पट्टीवरचे अक्षर त्यांच्याच सांगण्यावरून मोठे केले आहे, चष्म्याशिवाय वाचता यावे म्हणून. आज त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, त्यांचा हात पाहायचा असेल तर त्या दाखवतील. घरात कामाला येणाऱ्या बाई, शाळेतून एकटी येणारी मुले, दुपारी एकटी असणारी वडीलधारी माणसे, ज्यांना आपण हात लावू नका एवढेच सांगतो, त्यांना या आठवड्यात एकदा जवळ बसवून दाखवा, एवढी माझी विनंती आहे.

ज्यांनी भांडी आणली आहेत त्यांनी आता टेबलाजवळ यावे. स्टीलची आणि सोनेरी काठाची असतील ती पिशवीतच राहू द्या. मेलामाइनची आधी बाजूला काढू, बाकीची एकेक पाण्याच्या कपाशेजारी ठेवून पाहू. कप मी दोन आणले आहेत.